बिनमिठाचं आधण

आमच्या आत्याचं म्हणणं असं, की पाण्यात मीठ टाकलं की आधण लवकर येतं. माझं म्हणणं असं, की लवकरबिवकर काही येत नाही. या एका विषयावर आम्ही दोघी अकरा वर्षं भांडत आलो, आणि भांडायची जागा म्हणजे इस्पितळाचं स्वयंपाकघर, जिथे भांडायला कुणालाच वेळ नसतो. म्हणून हप्त्याहप्त्याने भांडायचो. कांदे चिरताना अर्धं, भांडी मोजताना उरलेलं.

आत्या माझी सख्खी, वडिलांची थोरली बहीण. पण त्या इमारतीत ती सगळ्यांचीच आत्या होती. डॉक्टर तिला आत्या म्हणायचे, लिफ्टवाला आत्या म्हणायचा, एकदा तर एक पेशंट भूल उतरता उतरता 'आत्या, सूप' असं म्हणाला म्हणे. ती मुख्य आचारी, मी दुसरी आचारी. मला तिथे तिनेच चिकटवलं आणि हे ती मला महिन्यातून एकदा तरी ऐकवायची. तिची निवृत्ती आठ महिन्यांवर आली होती. त्यानंतर तिची जागा मला मिळणार हे जवळजवळ ठरलेलं होतं, आणि ती मला हवी होती हे मी लपवत नाही. अकरा वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली बटाटे सोलून कुणी संत होत नाही.

आता आमची कामाची पद्धत सांगते, कारण सगळा घोळ तिथेच आहे. आमच्याकडे मोठ्या शेगड्या चार. तीन एका रांगेत, चौथी कोपऱ्यात. सकाळी साडेदहाला चारही शेगड्यांवर एकदम पाणी चढायचं. रांगेतल्या तीन पातेल्यांत सगळ्या इमारतीचं जेवण. कोपऱ्यातलं पातेलं बिनमिठाचं, तिसऱ्या मजल्यावरच्या हृदयवाल्यांसाठी आणि किडनीवाल्यांसाठी. आणि नियम असा, की आधण आलं हे फक्त आत्याने सांगायचं. ती डब्यातून मिठाची चिमूट घ्यायची, हात चांगला वर न्यायचा, मान तिरकी करायची आणि चिमूट पाण्यात सोडायची. पाण्याने सर्रकन आवाज केला, फेस वर आला, की म्हणायची, "आलं." मग बाकीचं मीठ आत, मग तांदूळ आत. तिने 'आलं' म्हणेपर्यंत तांदळाचा एक दाणाही पाण्यात पडायचा नाही. नवीन आलेल्या एका मदतनीस बाईने एकदा आपल्या अकलेने तांदूळ वैरले, तर आत्याने ते सगळे उपसायला लावले होते.

कोपऱ्यातल्या पातेल्यात मीठ टाकायची सोय नव्हती. तिथे आत्या नुसती उभी राहायची आणि बऱ्याच वेळाने 'आलं' म्हणायची. त्यामुळे बिनमिठाचं जेवण रोज दहा मिनिटं उशिरा. गेली दोन वर्षं हे असंच चाललं होतं आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. बिनमिठाचं पाणी उशिरा तापतं, हे सगळ्या इस्पितळाने मान्य करून टाकलं होतं. भिंतीवरच्या वेळापत्रकातही तसं छापलं होतं: सर्वसाधारण बारा वाजता, बिनमिठाचे बारा दहाला. रोज माणसांची छाती उघडून परत शिवणाऱ्या सर्जनने ते वाचलं असेल, मान हलवली असेल आणि सूप मागवलं असेल. एकालाही शंका आली नाही. मला यायची, पण ती 'आत्या चुकते आहे' या आनंदासाठी यायची. ती का चुकते आहे हा प्रश्न मी स्वतःला विचारला नव्हता.

"शाळेत शिकवलंय," मी म्हणायचे, "मिठाने पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो. झालाच तर उशीर होईल."

"मग शाळेत जाऊन शिजव," आत्या म्हणायची.

"आणि चिमूटभर मिठाने तेवढाही होत नाही. काहीच होत नाही."

"मीठ टाकलं की पाणी येतं. मी रोज बघते. तुझं पुस्तक रोज बघतं का?"

मी कांदा चिरायचे.

मग आमच्याकडे नवीन आहारतज्ज्ञ आली. वय सत्तावीस-अठ्ठावीस, गळ्यात ओळखपत्र, हातात कायम वही. स्वयंपाकघरात पहिल्याच दिवशी तिचं नाव 'कॅलरी' पडलं, आणि ते तिला तिसऱ्या दिवशी कळलं तरी ती चिडली नाही, म्हणून मला ती बरी वाटली. कॅलरीने वेळापत्रक वाचलं आणि थेट माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"हे बारा दहा काय आहे?"

"बिनमिठाचं पाणी उशिरा उकळतं," मी सरळ चेहऱ्याने म्हटलं. मला तिचं तोंड बघायचं होतं.

तिने वही बंद केली. "हे कुणी सांगितलं?"

मी आत्याकडे बोट केलं. हे मी केलं. मला आज त्याची लाज वाटते, पण त्या वेळी मला गुदगुल्या होत होत्या.

कॅलरीला गंमत करायची हौस नव्हती. तिसऱ्या मजल्यावरच्या एका आजोबांना आदल्या दिवशी भोवळ आली होती. साखर उतरवायचं इंजेक्शन पावणेबाराला दिलेलं आणि जेवण सव्वाबाराला पोचलेलं. आजोबा बरे होते, पण कॅलरीने ते प्रकरण थेट अधीक्षकांपर्यंत नेलं. अधीक्षक म्हणजे आमचे साहेब. गोरेपान, गुळगुळीत, प्रत्येक वाक्याआधी घसा साफ करणारे. त्यांनी मला वर बोलावलं.

"आत्यांचं आता वय झालं," ते म्हणाले. "हट्टीपणा वाढतो. उद्या चाचणी घेऊ. दोन भांडी, एकात मीठ, एकात नाही. दोन्ही एकाच वेळी उकळली, तर उशीर मिठामुळे नाही, आत्यांमुळे होतो हे सिद्ध होईल. मग त्यांना आठ महिने आधीच आराम देऊ. तुम्ही पुढच्या सोमवारपासून मुख्य आचारी. चालेल ना?"

मी 'नाही' म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "चाचणी नीट व्हायला हवी साहेब, पाणी मापून घ्या."

संध्याकाळी घरी जाऊन मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आठ महिन्यांनी मिळणारच आहे ना जागा? ती बाई एकटी राहते. घरी बसून करणार काय?" मी म्हटलं, "पाण्याच्या बाबतीत मी बरोबर आहे." तो म्हणाला, "तू बरोबर आहेसच," आणि ज्या सुरात म्हणाला त्या सुराने मला झोप लागायला उशीर झाला.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता साहेब खाली आले. स्वयंपाकघरात ते वर्षातून दोनदा यायचे आणि दोन्ही वेळा त्यांच्या बुटाला काहीतरी लागायचं. या वेळी टोमॅटो लागला. कॅलरीने दोन सारखी पातेली घेतली, लिटरच्या मापाने मोजून दहा-दहा लिटर पाणी ओतलं. कोपऱ्यातल्या शेगडीची ज्योत कमी असेल अशी तिला शंका होती, म्हणून तिने दोन्ही पातेली रांगेतल्या पहिल्या दोन शेगड्यांवर ठेवली. कोपऱ्यातल्या शेगडीवर एक रिकामं पातेलं तसंच पडून होतं. पहिल्या पातेल्यात मीठ मोजून टाकलं, दुसऱ्यात काही नाही. मोठा थर्मामीटर, फोनवर घड्याळ. मग तिने मला आत्याला बोलवायला सांगितलं.

आत्या कोठारात तांदूळ निवडत होती. "चाचणी?" ती म्हणाली. "माझी?"

"पाण्याची," मी म्हटलं.

"पाण्याची कशाला? पाण्याने काय पाप केलंय?" पण ती आली. पदर खोचला, नेहमीसारखी पहिल्या शेगडीपाशी मिठाच्या डब्याजवळ उभी राहिली. साहेबांना नमस्कार केला. साहेब तिच्या उजवीकडे होते, नमस्कार थोडा डावीकडे गेला. मला वाटलं, मुद्दाम.

शेगड्या पेटल्या. पंखा डोक्यावर घरघरत होता. तो लावला की बोललेलं ऐकायला कानाशी यावं लागायचं. पाच मिनिटं गेली, सात गेली. साहेब घसा साफ करत होते. आत्याने चिमूट सोडली, मान तिरकी केली, काही नाही. अर्ध्या मिनिटाने पुन्हा सोडली. नऊ मिनिटांच्या पुढे चिमूट पाण्यात पडली आणि सर्रकन फेस वर आला.

"आलं," आत्या म्हणाली. आणि वर मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, "बघ."

"नऊ मिनिटं चाळीस," कॅलरीने लिहिलं. मग दुसऱ्या पातेल्याकडे वळून म्हणाली, "आणि हे तर त्याच्या दोन सेकंद आधी."

दुसरं पातेलं खदखदत होतं. पाणी काठाला थडकून शेगडीवर उडत होतं. मी जिंकले होते. अकरा वर्षांनी, मापून, घड्याळ लावून, साहेबांसमोर. मी आत्याकडे बघितलं, तिचा चेहरा कसा पडतो ते बघायला.

"आत्या," साहेब तिच्या कानाशी जाऊन ओरडले, "बिनमिठाचंही आलं की."

"कुठे आलंय?" आत्या म्हणाली. ती दोन पावलं कोपऱ्याकडे सरकली आणि खाली बघून हात नाचवत म्हणाली, "बघा की साहेब. हलतसुद्धा नाहीये पाणी. अजून दहा मिनिटं तरी घेईल."

ती कोपऱ्यातल्या शेगडीवरच्या रिकाम्या पातेल्यात बघत होती.

साहेब हसले. कॅलरी फोनवर वाकून आकडे टिपत होती. कुणाचंच आत्याच्या नजरेकडे लक्ष नव्हतं. सगळ्यांना वाटलं, म्हातारी हट्टाला पेटली आहे, डोळ्यांदेखत नाकारते आहे. मला एका क्षणात दोन वर्षं दिसली. तिच्या मनगटावरचे भाजल्याचे डाग, ज्यांना ती 'वयाचे' म्हणायची. डबे कुणी हलवले की तिचा होणारा तिळपापड. तांदूळ निवडताना डोळे मिटून बोटांनी खडे काढणं, ज्याला मी इतके दिवस ऐट समजत होते. आणि ती चिमूट. मिठाने पाणी येत नव्हतं. आलेलं पाणी मिठाने बोलत होतं आणि तिला ऐकू येत होतं. कोपऱ्यातलं पातेलं मुकं होतं, म्हणून ती आपली अंदाजाने दहा मिनिटं जास्त थांबत होती.

आणि इतक्यात कॅलरीने डोकं वर करून विचारलं. तिने विचारायलाच हवं होतं, ती काही मूर्ख नव्हती.

"दोन्ही एकाच वेळी उकळली. मग ते पातेलं रोज दहा मिनिटं उशिरा का होतं?"

साहेबांनी घसा साफ केला. आत्या तशीच रिकाम्या पातेल्याकडे तोंड करून उभी होती, पण तिचे खांदे ताठ झाले होते.

"माझ्यामुळे," मी म्हटलं.

पंख्यात कुणाला ऐकू गेलं नाही. मी बटण बंद केलं आणि पुन्हा म्हटलं. "कोपऱ्यातली शेगडी पेटवायचं काम माझं. मी ती दहा मिनिटं उशिरा पेटवते. आधी बाकीचं उरकून घेते. आळस, दुसरं काही नाही. आत्यांना माहीत नव्हतं, त्यांना वाटायचं मिठाने फरक पडतो."

"दोन वर्षं?" कॅलरी म्हणाली.

"दोन वर्षं."

"आणि तुम्हीच मला म्हणालात की बिनमिठाचं पाणी उशिरा उकळतं."

"खापर फोडायला काहीतरी लागतं ना."

साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू त्यांच्या बुटाला लागलेला टोमॅटो मीच. मुख्य आचारीपदाचं आता बघू, असं म्हणाले आणि वर गेले. दुपारी तीन वाजता मेमो आला.

आत्या तेव्हा टेबलाशी बटाटे सोलत होती. कागद माझ्या हातात पडल्यावर ती म्हणाली, "वाच."

"तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी आलाय."

"म्हणूनच म्हणते, वाच."

मी वाचला. कामातील हलगर्जीपणा, रुग्णाच्या जिवाला धोका, पदोन्नती पुढील आदेशापर्यंत स्थगित. ती ऐकत होती आणि साल एका लांब पट्टीत उतरत होती, कुठे तुटत नव्हती. वाचून झालं.

"तू खोटं का बोललीस?" तिने विचारलं.

"तू का बोललीस? दोन वर्षं?"

सुरी थांबली. "मी खोटं बोलले नाही. मला कुणी विचारलंच नाही." मग पुढचा बटाटा उचलून म्हणाली, "पहिल्या वर्षी मला वाटलं, इथले दिवे मंद झालेत. मी तक्रारसुद्धा केली. त्यांनी दिवे बदलले."

मला हसू आलं आणि त्याच दमात रडूही आलं. "अगं, डोळ्यांचा विभाग आपल्या डोक्यावर आहे. दोन जिने चढायचे. मोतीबिंदूच असेल."

"मला माहीत आहे काय आहे ते. आणि जिने पण माहीत आहेत." तिने बटाटा टाकला. "वर गेलं की कागद होतो. कागद झाला की साहेबाकडे जातो. साहेब म्हणतो, आराम करा. मी घरी बसून काय करू गं? कुणासाठी आधण ठेवू? एका माणसाचं पाणी दोन मिनिटांत येतं." ती हे अगदी सपाट आवाजात म्हणाली. "मला भीती वाटते. बास."

आत्याला भीती वाटते हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. माझ्या वडिलांच्या तेराव्यालाही तिने स्वयंपाकाची भांडी मोजून परत नेली होती.

तेवढ्यात ती उठली. माझ्या हातातला मेमो घेतला, एका हाताने भिंत धरली आणि निघाली. मी हात पुढे केला, तर म्हणाली, "सोड. रस्ता मला येतो." साहेबांच्या खोलीपर्यंत मी तिच्या दोन पावलं मागे, चोरासारखी. कॅलरी तिथेच होती, वही घेऊन.

आत्याने मेमो टेबलावर ठेवला. निम्मा टेबलावर, निम्मा हवेत. तो खाली पडला. कुणी उचलला नाही.

"हे फाडा," ती म्हणाली. "हिने शेगडी रोज वेळेवर पेटवली. उशीर माझा. मला दिसत नाही. मीठ टाकते आणि ऐकते, बिनमिठाचं ऐकू येत नाही. त्या आजोबांना माझ्यामुळे भोवळ आली, त्यांचं काय ते सांगा मला. आणि मला काढायचं असेल तर काढा, पण हिची जागा हिला द्या. ही आगाऊ आहे, पण हिच्या हाताला चव आहे."

साहेबांनी घसा साफ केला. कॅलरीने वही बाजूला ठेवली, आत्याजवळ आली आणि म्हणाली, "आत्या, तुम्ही दोन वर्षं तीनशे माणसांचं जेवण कानाने केलंत?"

"भाजी वासाने," आत्या म्हणाली. "कानाने फक्त पाणी."

कॅलरी स्वतः तिला वर घेऊन गेली. परत येऊन तिने साहेबांच्या हातात कागद दिला: मोतीबिंदू, दोन्ही डोळे, शस्त्रक्रियेनंतर कामावर येण्यास हरकत नाही. साहेबांना सही करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. माझा मेमो रद्द झाला. आत्या परत येईपर्यंत मुख्य आचाऱ्याचं काम मी बघायचं, असं ठरलं. आठ महिन्यांत तिचा वाटा किती आणि माझा किती, हे आम्ही भांडून ठरवणार होतो.

शस्त्रक्रियेआधीच्या तपासणीत आत्याचा रक्तदाब भलताच वर निघाला. कॅलरीने तिच्या पलंगाच्या पायथ्याशी चिठ्ठी लावली: बिनमिठाचं. खाली ती बातमी पोचली तेव्हा भांडी घासणाऱ्या बायकांनी हातातलं काम सोडून टाळ्या वाजवल्या. मीही हसले, आणि मग कोपऱ्यातल्या शेगडीसमोर जाऊन उभी राहिले.

एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाल्यावर दुसऱ्या दिवशी साडेदहाला चारही शेगड्या एकदम पेटवल्या. आलं की नाही ते मी डोळ्यांनी बघितलं. चारही पातेली पुढेमागे अर्ध्या मिनिटाच्या आत आली. भात शिजवला, भाज्या उकडल्या, आणि बारा वाजता तिसऱ्या मजल्याची गाडी निघाली. आत्याचं ताट मात्र मी स्वतः नेलं.

ती पलंगावर बसली होती, एका डोळ्यावर पट्टी, दुसरा नेहमीसारखाच निकामी. शेजारच्या बाईला डाळ कशी धुवायची ते शिकवत होती. मी ताट मांडीवर ठेवलं. तिने पहिला घास घेतला, चावला, गिळला. चेहऱ्यावर एक रेघ हलली नाही. मला तिसऱ्या मजल्यावरच्या त्या सगळ्या माणसांची दया आली, ज्यांना आम्ही वर्षानुवर्षं हे पाठवत होतो.

"किती वाजले?" तिने विचारलं.

"बारा."

"बाराच?"

"बारा वाजून पाच मिनिटं."

ती आणखी दोन घास जेवली. मग म्हणाली, "पाणी आधी ठेवलंस तू."

माझ्या बाजूने शाळेचं पुस्तक होतं, थर्मामीटर होता, कॅलरीच्या वहीतले आकडे होते. शेजारची बाईसुद्धा माझ्याकडे उत्सुकतेने बघत होती.

"हो," मी म्हटलं. "दहा मिनिटं आधी."

"वाटलंच मला," आत्या म्हणाली, आणि तिने ताट पूर्ण संपवलं.